‘निधि-निक्षेप सहित’ : शेतजमिनीतील पुरलेल्या धनाचा हक्क, शोध आणि शब्दव्यवहार

मराठेशाहीतील इनामपत्रे वाचीत असता एक ठरीव शब्दावळी वारंवार डोळ्यांपुढून जाते. गाव किंवा जमीन इनाम करून दिल्याचे सांगून झाल्यावर प्रथम ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ असे वसुलाचे शब्द येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित’ ही संस्कृत शब्दांची माळ येते. वाचक बहुधा या माळेवरून घाईने पुढे सरकतो. त्याला इनामदाराचे नाव, बिघ्यांचा आकडा आणि पत्राची मिती हवी असते. लेखनिकाने सवयीने लिहिलेला हा मजकूर आहे, त्यात इतिहास तो काय असणार, असे त्यास वाटते. परंतु सवयीने लिहिल्या जाणाऱ्या शब्दांतच जुना व्यवहार पुष्कळदा अधिक शाबूत राहिलेला असतो. कारण नवे लिहिताना माणूस विचार करतो व बदलतो. सवयीचे लिहिताना तो जुने तसेच पुढे ढकलतो.

या माळेतील पाणी, झाड, गवत, लाकूड व दगड या पाच वस्तू डोळ्यांस दिसणाऱ्या आहेत. शेवटच्या दोन, म्हणजे निधि आणि निक्षेप, या जमिनीच्या पोटातल्या आहेत. त्या असतील किंवा नसतील. देणाऱ्याने त्या पाहिल्या नाहीत आणि घेणाऱ्यानेही पाहिल्या नाहीत. तरीही त्या दिल्या जातात. न पाहिलेल्या वस्तूचे हे दान कोठून आले, त्या वस्तूवर हक्क कोणाचा मानला गेला, आणि तिचा शोध घेणाऱ्यांनी जमिनीचे व जमिनीवरील माणसांचे काय केले, हे पाहू लागले म्हणजे शब्दांचा इतिहास आणि शेतीचा इतिहास एकमेकांपासून वेगळे ठेवता येत नाहीत.

प्रथम माळेच्या वयाचा विचार करावयास हवा. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावास ‘सनिधि’ व ‘सोपनिधि’ अशी विशेषणे लाविलेली आढळतात. दुसऱ्या प्रवरसेनाचा, त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षीचा चम्मक ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांस दिल्याची नोंद असून गावास मिळालेल्या सवलतींची यादी बरीच लांब आहे. गुरे, फुले, दूध, कातडे, कोळसा, मीठ असे कुणब्याच्या दारातले पदार्थ त्या यादीत येतात आणि शेवटी पुरलेल्या धनाचा उल्लेख येतो. हा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा होय. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादिलेला वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. तो एकत्र वाचला असता हे शब्द एखाद्या लेखनिकाच्या लहरीने आलेले नसून राजशासनाच्या ठरीव साच्याचा भाग होते, हे ध्यानी येते.

दक्षिणेत याच साच्यास पुढे ‘अष्टभोग’ हे नाव मिळाले. निधि, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध आणि साध्य असे ते आठ भोग. यांपैकी शेवटचे चार उत्पन्नाशी संबद्ध आहेत : आज असलेले व टिकणारे, पुढे होणारे, लागवडीखाली आलेले, आणि लागवडीस आणता येण्याजोगे. आता मराठी इनामपत्राचा साचा या आठांशेजारी ठेवून पाहावा. ‘आगामी’ची जागा ‘पेस्तरपट्टी’ने घेतली आहे, आज असलेल्या उत्पन्नाच्या जागी ‘हल्लीपट्टी’ आली आहे. बहमनी व त्यापुढील राजवटींत वसुलाचे दफ्तर फारसीत गेले, त्याबरोबर वसुलाचे शब्द फारसी-अरबी झाले. जल, पाषाण, निधि आणि निक्षेप यांवर दरसाल आकारणी नव्हती. त्यांचा ताळेबंद कोणी मागत नव्हते. म्हणून त्यांस फारसी नाव घेण्याची गरज पडली नाही. एकाच वाक्यात फारसी आणि संस्कृत शेजारी नांदतात ते भाषेच्या धेडगुजरीपणामुळे नव्हे. ज्या गोष्टीचा हिशेब सरकार ठेवी तिचे नाव सरकारच्या भाषेबरोबर बदलले. ज्या गोष्टीचा हिशेब ठेवणे शक्य नव्हते तिचे जुने नाव तसेच राहिले. हा तर्कच आहे, पण पत्रांचा क्रम त्यास अनुकूल आहे.

निधि आणि निक्षेप हे शब्द जोडीने येत असले तरी एकार्थी नव्हेत. दोहोंत ‘नि’ हा खाली नेण्याचा अर्थ दाखविणारा उपसर्ग आहे. एकात ‘धा’ म्हणजे ठेवणे, दुसऱ्यात ‘क्षिप्’ म्हणजे टाकणे. धर्मशास्त्राच्या परिभाषेत निक्षेप म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हवाली केलेली, मोजून दिलेली वस्तू. मोहोर करून, आत काय आहे ते न सांगता दिलेली ती उपनिधि. आणि जमिनीत फार काळ पुरून राहिलेले, ज्याचा धनी ठाऊक नाही असे सोने-नाणे तो निधि. ज्यास धनी आहे ते आणि ज्यास धनी नाही ते, असा हा भेद होय. मराठीने हा भेद वेगळे शब्द न आणता केवळ लिंगावर निभावला आहे. ‘ठेव’ स्त्रीलिंगी : ती कोणाची तरी असते, परत मागता येते, पेढीत ठेवता येते. ‘ठेवा’ पुल्लिंगी : तो सापडतो, लाभतो, पूर्वजांचा असतो. ‘बँकेतला ठेवा’ असे कोणी म्हणत नाही आणि ‘शेतात ठेव सापडली’ असेही कोणी म्हणत नाही. खेड्यातल्या निरक्षर माणसाच्या बोलण्यातही हा भेद चुकत नाही. इकडे नागर मराठीत मात्र ‘निधी’ शब्दाचा अर्थ पार उलटला. दुष्काळनिधी, स्मारकनिधी, भविष्य निर्वाह निधी यांत निधी म्हणजे उघडपणे जमविलेली, धनी ठाऊक असलेली, हिशेब तपासून घेतलेली रक्कम होय. विज्ञानेश्वरास हा प्रयोग ऐकून नवल वाटले असते.

विज्ञानेश्वराचे नाव येथे अकारण आलेले नाही. पुरलेल्या धनाच्या हक्काविषयी प्राचीन शास्त्रकारांत मोठाच मतभेद आहे, आणि त्यातील एक टोक विज्ञानेश्वराने धरलेले आहे. कौटिल्याच्या मते खाण, रत्ने अगर निधी यांची खबर देणाऱ्यास सहावा हिस्सा मिळावा, आणि तो सरकारी चाकर असेल तर बारावा. एक लाखावरील निधी राजाचाच. मात्र निधी आपल्या वाडवडिलांचा आहे असे एखाद्या सचोटीच्या माणसाने पुराव्यानिशी दाखविले तर तो सगळा त्याचा; पुरावा नसता हक्क सांगितला तर पाचशे पण दंड, आणि लपवून घेतला तर एक हजार. मनुस्मृतीत खरेपणाने हक्क सांगणाऱ्याकडून राजाने सहावा किंवा बारावा भाग घ्यावा असे असून, विद्वान ब्राह्मणास सापडलेला निधी सगळा त्याचाच, असा वर्णाश्रित अपवादही आहे. त्या अपवादाचा लाभ नांगर धरणाऱ्यास होण्याजोगा नव्हता, हे उघड आहे.

खरी गंमत याज्ञवल्क्याच्या वचनात आहे. राजा अगर विद्वान ब्राह्मण यांखेरीज इतरांस निधी सापडला असता राजाने षष्ठांश घ्यावा, असा त्याचा सरळ अर्थ कोणीही करील. म्हणजे सहांपैकी पाच वाटे सापडणाऱ्यास. परंतु कल्याणीच्या चालुक्य राजाच्या आश्रयास असलेला विज्ञानेश्वर मिताक्षरेत या वाक्याचा अर्थ नेमका उलटा लावतो : षष्ठांश सापडणाऱ्यास देऊन उरलेला निधी राजाने घ्यावा. आधारास तो वसिष्ठाचे व गौतमाचे वचन घेतो, आणि त्या वचनांत सापडणाऱ्यास सहावा भाग द्यावा असे खरोखरच आहे. शास्त्रांचा मेळ घालण्यासाठी वाक्यात नसलेले ‘देऊन’ हे पद त्याने अध्याहृत घेतले. व्याकरणाच्या दृष्टीने हे ओढूनताणून आणलेले आहे, यात शंका नाही. पण एका अध्याहृत पदामुळे सापडणाऱ्याचे पाच वाटे एकावर आले, आणि महाराष्ट्र-कर्नाटकात पुढील कित्येक शतके प्रमाण मानला गेलेला ग्रंथ मिताक्षराच होता, हे विसरून चालणार नाही. न कळविता धन ठेवून घेतल्याचे उघडकीस आले तर सगळे धन जाई व वर दंडही बसे.

हे ध्यानी घेतले म्हणजे इनामपत्रातील ‘निधि, निक्षेप सहित’ या शब्दांचे वजन कळते. एरवी जे धन राजाचे, त्यावरील हक्क राजा येथे सोडून देत आहे. साध्या मिरासदारास किंवा उपऱ्या कुळास हे शब्द लिहून मिळत नसत. एकाच शिवारात, बांधाच्या अलीकडे नांगराच्या फाळास हंडा लागला तर तो इनामदाराचा आणि पलीकडे लागला तर सरकारचा, अशी स्थिती तत्त्वतः होती. प्रत्यक्षात बांधाच्या कोणत्याही बाजूस हंडा लागला तरी तो रात्रीतून सोनाराकडे जाऊन आटविला जाण्याचा संभव अधिक. अशा व्यवहाराचा कागद होत नाही.

शेतात धन पुरावयाचे तरी कशासाठी, याचे उत्तर सोपे आहे. पेढ्या शहरात होत्या. खेड्यातल्या घराच्या भिंती मातीच्या होत्या. आणि घर हीच लुटारूने प्रथम धुंडाळावयाची जागा होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकराने पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला आणि पुणे प्रांतात लुटालूट सुरू झाली. त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. पुढे पेंढाऱ्यांचा धुमाकूळ झाला. १८१६ साली पेंढाऱ्यांनी गुंटूर प्रांतात घातलेल्या धाडीची सरकारी चौकशी झाली, तीत सुमारे बारा दिवसांत ३३९ गावे लुटली गेल्याचे, १८२ माणसे ठार व ५०५ जखमी झाल्याचे, आणि ३,६०३ माणसांचा छळ झाल्याचे नोंदविले आहे. मेलेल्यांपेक्षा छळलेल्यांचा आकडा वीस पट आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हा छळ बव्हंशी एकाच प्रश्नासाठी होता : पैका कोठे पुरला आहेस?

पुरणाऱ्याचा बेत अर्थातच परत येऊन उकरण्याचा असतो. तो परत आला तर इतिहासास काहीच उरत नाही. जो साठा आपल्या हाती लागतो तो न परतलेल्या माणसाचा असतो. होळकरी आणि दुष्काळ एकामागून एक आल्यामुळे पुरणारा आणि पुरल्याचे ठाऊक असलेला, असे दोघेही एकाच वर्षात मरण्याची परिस्थिती दख्खनेत निर्माण झाली. ओसाड पडलेल्या गावांच्या जागी पुरलेल्या धनाच्या गोष्टी दाट आढळतात, त्यास एवढा तरी वास्तव आधार आहे.

कुणब्याच्या घरी पुरण्याजोगे सोने क्वचितच असे, ही गोष्टही सांगावयास हवी. त्याचे पुरलेले धन म्हणजे पेव. जमिनीत खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद व पोटात रुंद अशा खळग्यात जोंधळा भरून वर दगड व माती लोटली की धान्य कित्येक महिने, क्वचित वर्षेही टिके. आणि वरून पाहणाऱ्यास काही कळत नसे. सांगलीजवळ हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ सालच्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारात आज टीकेचा सूर असला तरी मुळात त्यात दडलेल्या साठ्याचे एकाएकी बाहेर पडणे आहे. ‘घबाड’ शब्दाची कथा याहून वेगळी. घबाड हा पंचांगातील एक लाभदायक मुहूर्त. त्या मुहूर्तावर होणाऱ्या अवचित लाभाचा अर्थ पुढे त्या शब्दास चिकटला आणि मुहूर्त विस्मृतीत गेला. राजेलोकांच्या घबाडाची प्रसिद्ध कथा तोरण्याची आहे. किल्ल्याच्या दुरुस्तीत पुरलेले द्रव्य सापडले व ते शिवाजीमहाराजांनी राजगडाच्या बांधकामी लावले, ही कथा ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात घेतली आहे. कथेतील द्रव्याचा आकडा काहीही असो. पुरलेले धन राज्यकर्त्यासच लाभते, हा शास्त्रकारांचा सिद्धांत लोककथेने आपल्या रीतीने मान्य केला, एवढे त्यातून दिसते.

आता शोधाविषयी. धन दिसत नाही, म्हणून ते दिसणारी दृष्टी हवी. मराठी लोकसमजुतीत ती दोन मार्गांनी मिळते. एक जन्मतः : जो पायांकडून जन्मला तो ‘पायाळू’, आणि त्यास भूमीतील धन व पाणी दिसते. दुसरा मार्ग अंजनाचा. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात गुरुकृपेचे वर्णन करताना अंजनाने दृष्टी फाकून महानिधी प्रकट होण्याची उपमा आली आहे. उपमा घ्यावयाची ती श्रोत्यांच्या परिचयाची, हा ज्ञानेश्वरांचा रिवाज. तेव्हा ही समजूत तेराव्या शतकात सर्वश्रुत होती असे म्हणावयास हरकत नाही. अंजन घालून धन पाहणारा हा गुरूची उपमा होण्याइतका प्रतिष्ठित होता. पुढे त्याचा मांत्रिक झाला.

धनावर भुजंग बसतो, धन जागा बदलते, आणि ज्याच्या नशिबी नाही त्याला हंड्यात कोळसे दिसतात, या समजुती महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. यांपैकी तिसरीस थोडा आधार असावा. मराठी शेतकऱ्याची जमीन दोन प्रकारची : पिकाची ‘काळी’ आणि वस्तीची ‘पांढरी’. माणसे जेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली तेथे चुलींची राख, घरांची माती व शेण मिसळून जमीन पांढुरकी होते. गाव उठून गेले तरी पांढरी राहते, टेकाड होऊन. अशा टेकाडाची माती खत म्हणून शेतात टाकण्याची चाल जुनी आहे, आणि ती उकरताना राखेचे व कोळशाचे थर, खापरे, मणी आणि कधी नाणी निघतात. पुष्कळ काळ मातीत राहिलेले रुपे काळे पडते. फुटक्या मडक्यात काळे तुकडे पाहून ‘कोळसे झाले’ म्हणणारा माणूस आपण पाहिले तेच सांगत असावा.

पण तेच मडके कधी कधी याहून वेगळे काही दाखविते. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या वर्षांत डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि इनामगाव येथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने जी उत्खनने केली त्यांत ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाशी तोंड लावून आडवी पुरलेली अशी अनेक आढळली. त्यांत लहान मुलांचे सांगाडे होते. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळातील जोर्वे संस्कृतीच्या लोकांनी मेलेले मूल घरापासून दूर नेले नाही. ते घरातच, पायांखाली ठेवले. धनासाठी पांढरी खणणाऱ्याच्या कुदळीस असे जोडमडके लागले तर तो ते हंडाच समजणार, फोडणार, आणि हाडे पाहून टाकून देणार. मराठीत धन आणि प्रेत या दोहोंस ‘पुरणे’ हे एकच क्रियापद आहे, हे येथे नुसते नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

शिवारातील कोरीव दगडांच्या वाट्यासही हेच आले आहे. वीरगळावर व दानलेखाच्या शिळेवर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. दान सूर्य-चंद्र असेपर्यंत चालावे, एवढाच त्याचा अर्थ. गद्धेगाळावरील आकृती म्हणजे दान मोडणाऱ्यास घातलेली शिवी. परंतु अक्षरे वाचता न येणाऱ्यास ही धनाची खूण वाटते, आणि शिळा उलथून तिच्याखाली खड्डा घेतला जातो. शिळा जागेवरून हलली की तिच्यावरील लेख कोणत्या जमिनीविषयी होता हे ठरविणे अवघड होते. म्हणजे जी शिळा त्या शेताचा ‘निधि-निक्षेपा’सह हक्क सांगत असेल, तीच त्या निधीच्या लोभाने उखडली जाते. लेखाभ्यासकांनी शिळेचे स्थान नोंदविण्याचा आग्रह धरावयाचा तो यासाठीच.

दगड उलथणे येथवरच हा प्रकार थांबला असता तर तो केवळ पुरातत्त्वाचा विषय राहिला असता. मराठवाड्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व लहान मुली यांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांच्या मुळाशी अपत्यप्राप्तीची आणि गुप्तधनाची लालसा असल्याचा आरोप न्यायालयापुढे आला होता. भूमीतील धन राखणाऱ्या शक्तीस बळी द्यावा लागतो, ही समजूत जुनी खरी. परंतु जुनेपणामुळे तिला लोकसाहित्याच्या दालनात मांडून ठेवता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर प्रथम अध्यादेशाने व त्याच वर्षाच्या अखेरीस अधिनियमाने महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत धनाच्या व जलस्रोतांच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. धन आणि पाणी! पायाळूला दिसणाऱ्या त्या दोनच वस्तू कायद्याच्या यादीत शेजारी आल्या आहेत.

पुरलेल्या धनाचा इंग्रजी अमलातील कायदा १८७८ चा. जमिनीत अगर जमिनीस जोडलेल्या वस्तूत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू, अशी त्याने निधीची व्याख्या केली. दहा रुपयांवरील निधी सापडल्यास कलेक्टरास कळवावे. जाहीर नोटीस निघावी. शंभर वर्षांच्या आत आपण किंवा आपल्या पूर्वाधिकाऱ्याने तो पुरल्याचे कोणी दाखवितो काय ते पाहावे. आणि निधी बेवारस ठरल्यास, वेगळा करार नसेल तर, सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश मिळावा. सरकारला वस्तू ठेवून घ्यावयाची असेल तर द्रव्याची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येई. लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद. विज्ञानेश्वराच्या एक षष्ठांशाच्या मानाने ही वाटणी कितीतरी उदार म्हणावी लागेल. तरीही कलेक्टराकडे येणाऱ्या खबरा थोड्या आणि सोनाराच्या मुशीत जाणारी नाणी फार, अशीच समजूत नाणकशास्त्राच्या अभ्यासकांत रूढ आहे. लोकांनी कायदा वाचला नव्हता हे एक कारण. दुसरे कारण असे दिसते की, भूमीतील धन सरकारजमा होते ही शतकानुशतकांची समज नव्या कायद्याच्या उदारपणाने पुसली गेली नाही. कलेक्टरकचेरीत हंडा नेऊन देणाऱ्यास त्यातले तीन वाटे परत मिळतील, हे खेड्यात कोणास खरे वाटावे? त्यातच १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने खाणी व खनिजे यांवरील सरकारी हक्क राखून ठेवला. जुन्या माळेतले ‘पाषाण’ सरकारकडे गेले. ‘निधि’ मात्र वेगळ्या कायद्यात पडला, हा बारकावा रयतेस कळण्याजोगा नव्हता.

आणि तरीही एखादा साठा सगळाच्या सगळा हाती येतो तेव्हा काय साधते, हे जोगळटेंभीने दाखवून दिले. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. मुंबई इलाख्यात मिळालेली नाणी तपासणीस रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे येत असत. त्यानुसार रेव्हरंड स्कॉट यांनी या नाण्यांची पाहणी करून ती प्रसिद्ध केली. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. एका बाजूस त्याचा मुखवटा व ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंश निःशेष केल्याचे म्हटले आहे. आईने कोरविलेल्या मुलाच्या स्तुतीवर कितपत विसंबावे, अशी शंका घेण्यास तेथे जागा होती. जोगळटेंभीच्या नाण्यांनी ती ठेवली नाही. जिंकलेल्या राजाचे चलन जिंकणाऱ्याने हजारोंच्या संख्येने आपलेसे करून पुन्हा चालविले, हे नाण्यांवर ठोकलेलेच होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रमाणाची. चार-दोन नाणी मिळाली असती तर पुनर्मुद्रित नाणी अपवाद होती की नियम, हे सांगता आले नसते. न ठोकलेली नाणीही त्याच साठ्यात होती, यावरून पुनर्मुद्रणाचे काम पूर्ण होण्यापूर्वीच साठा पुरला गेला असावा असे अनुमान करता येते. नाण्यांवरील मुखवटे परस्परांहून इतके भिन्न आहेत की ते एकाच माणसाचे मानणे कठीण, हे स्कॉट यांचे निरीक्षणही हजारो नाणी एकत्र पाहिल्यामुळेच शक्य झाले. साठा वाटला गेला असता तर प्रत्येकाच्या हाती चांदी आली असती, आणि हा पुरावा कोणाच्याच हाती आला नसता.

जोगळटेंभीच्या नाण्यांवर निदान अक्षरे होती. दायमाबादच्या सापडीत तीही नाहीत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर हे गाव आहे. तेथील प्राचीन वस्तीचा शोध १९५८ साली लागला आणि लगेच पहिले उत्खननही झाले. पुढे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाची मुळे खणताना काशाच्या चार ओतीव वस्तू मिळाल्या : बैलजोडी जुंपलेला व माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ ४५ सेंटिमीटर लांब आहे. चारही भरीव असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरले. मोडीच्या भावाने विकून टाकण्याजोगे हे धातूचे गोळे आटविले गेले नाहीत आणि अभ्यासकांच्या हाती आले, हे महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचे भाग्यच म्हणावयाचे. सापडणाऱ्याला येथे ना मुहूर्त लागला, ना अंजन, ना पायाळू. तो धन शोधीतही नव्हता.

त्यानंतर एस. आर. राव यांनी १९७४-७५ मध्ये व एस. ए. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात तेथे उत्खनन केले. उत्तर हडप्पा, माळवा व जोर्वे अशा संस्कृतींचे थर तेथे एकावर एक मिळाले. या वस्तू त्यांतील उत्तर हडप्पा थराच्या, असे डॉ. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मानले. गेंडा, हत्ती व रेडा हे प्राणी सिंधुमुद्रांवर आहेतच, आणि एवढे मोठे ओतकाम करण्याची ऐपत जोर्वेच्या खेड्यात नव्हती. उलट बाजूने, या काशात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असून दायमाबादच्या इतर धातुवस्तूंशी ते जुळत नाही, असा आक्षेप डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी घेतला. कुदळ झाडाच्या मुळांशी चालली तेव्हा वस्तूंच्या भोवतीची माती, तिच्यातील खापरे आणि तिचा रंग हे सगळे एकत्र वर आले. वस्तू राहिल्या, त्या ज्या मातीत ठेविल्या होत्या ती माती राहिली नाही. रथाचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात कोठे ठेवावा, की त्या सहस्रकात ठेवूच नये, हा वाद त्या मुळांच्या खळग्यापाशी अडलेला आहे.